‘कामगाराची चूक’ म्हणून तपास थांबवू नका

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र यांस,


डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी भीषण स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा झाला. अशा घटनांनंतर ‘मानवी चूक’ हे उत्तर फार लवकर पुढे येते. खरा तपास तर तिथून सुरू व्हायला हवा.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात अशा चुकांचे प्रकार वेगळे केले. योग्य व्हॉल्व्ह ठाऊक असूनही चुकून शेजारचाच फिरवला, हा झाला हातचुकीचा प्रकार. बोल्ट आवळायचे राहून गेले, तो विसर. परिस्थितीचा अर्थच चुकीचा लागला, तर ती समजुतीची चूक. आणि उत्पादनाच्या घाईत गार्ड काढून मशीन चालवले, तर तो नियमभंग. प्रत्येकावर इलाज निराळा. हातचुकी तर मुरलेल्या फिटरकडूनही होते, कारण त्याचे हात सवयीने चालतात. त्याला पुन्हा प्रशिक्षणाला बसवून काही साधत नाही. तिथे व्हॉल्व्हची जागा आणि रंग बदलावा लागतो.

समजुतीच्या चुकीचे एक उदाहरण पाहा. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-उत्पादन मंचावर आग लागली आणि १६७ माणसे गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून तिथे तात्पुरते झाकण बसवले होते. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने पहिला सुरू केला. व्हॉल्व्ह काढल्याची त्यांना खबरच नव्हती. पंपाच्या कामाचे परमिट वेगळे, व्हॉल्व्हच्या कामाचे वेगळे, आणि व्हॉल्व्हची जागा पंपापासून दूर, नजरेआड. हाती असलेल्या माहितीवर त्या माणसांचा निर्णय बरोबरच होता! लॉर्ड कलन यांच्या चौकशीने म्हणूनच परमिट पद्धत, पाळी बदलतानाची माहितीची देवाणघेवाण आणि व्यवस्थापन यांवर बोट ठेवले आणि १०६ शिफारशी केल्या.

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ ला कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. तो निर्णय रात्रपाळीच्या ऑपरेटरचा नव्हता.

म्हणून संचालनालयाला विनंती आहे. प्रत्येक अपघाताच्या अहवालात चूक कोणत्या प्रकारची, ती घडावी अशी परिस्थिती कोणी निर्माण केली आणि काय बदलले, हे स्पष्ट लिहावे. ते अहवाल मराठीत, कंत्राटी कामगारालाही वाचता येतील असे, प्रत्येक औद्योगिक वसाहतीत उपलब्ध करून द्यावेत.

कळावे,
एक लेखक