पहाटेची हवा खरोखरच शुद्ध असते का?

थंडी पडली की सोलापुरात पहाटे पाचला कानटोपी घालून फिरायला निघणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. त्या वेळची हवा 'शुद्ध' असते, असा सर्वांचा ठाम समज. उलट उन्हाळ्यात वावटळ उठली की हीच मंडळी नाकाला रुमाल लावतात. धूळ वाईट हे खरेच, पण डोळ्यांना दिसते तेवढेच वाईट हे मात्र खरे नाही.

आपल्या शहराची जागा आधी समजून घेऊ. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतून ढग इकडे येतात ते जवळजवळ रिकामे. आपल्या वाट्याला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात. त्यात आपला जिल्हा रब्बीच्या ज्वारीचा. फाल्गुनात ज्वारी निघाली की काळी राने भेगाळून उघडी पडतात आणि पुष्कळ ठिकाणी पेरणी होईपर्यंत तशीच राहतात. म्हणून मृग लागला तरी आपल्याकडे धूळ हटत नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात, पाऊस मात्र शिंतोड्यांपुरता. हवा धुऊन निघते ती त्यानंतर.

ही धूळ जाडसर असते. तिचा बराच भाग नाकात व घशात अडकतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रासही होतो. पण उन्हाळ्यात जमीन तापून हवा वर उसळते आणि धूर उंच जाऊन पांगतो.

हिवाळ्यात नेमके उलटे घडते. आकाश निरभ्र, जमीन कोरडी, त्यामुळे रात्री ती झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची थंड, जड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावे तसा राहतो. वाराही पडलेला. मग न्हाणीघराचा बंब, कोपऱ्यावरची शेकोटी, रिक्षा-ट्रकचा धूर, गावाबाहेर पेटवलेले उसाचे पाचट, हे सगळे त्या झाकणाखाली कोंडते. धुराचे हे कण इतके बारीक की थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथून हृदयालाही उपद्रव करतात. ऊन चढून जमीन तापली की झाकण उचलले जाते. म्हणजे पहाट ते सकाळचे आठ, ही वेळ फिरण्यासाठी सर्वांत गैरसोयीची!

अशा बारीक कणांची २४ तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूरचे नाव आहे. त्या यादीत नाव येणे हा काही बहुमान नव्हे.

'काय करणार, आपला मुलूखच कोरडा' असे म्हणून पुष्कळजण हात झटकतात. मला हे पटत नाही. सह्याद्री हलवता येत नाही, पण रस्ते झाडण्याची वेळ तर बदलता येते? हिवाळ्यात भल्या पहाटे कोरड्या खराट्याने धूळ उडवायची आणि गोळा झालेला पाचोळा, त्यातल्या प्लॅस्टिकसह, तिथेच पेटवून द्यायचा, हा प्रकार ज्या गल्लीत चालतो तिथे त्याचा पहिला बळी झाडणारी बाईच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडलोट ऊन वर आल्यावर करावी आणि कचरा जाळण्यास सक्त बंदी असावी. सडा टाका म्हणण्याची सोय नाही, पाण्याची आपली ओढ सर्वांना ठाऊक आहे. पण वेळ बदलायला पाणी लागत नाही. उसाचे पाचटही जाळण्याऐवजी शेतातच कुजवले तर जमिनीचा फायदा आहे. कारखान्यांनी हे सभासदांच्या गळी उतरवायला हवे.

आता रुग्णांसाठी थोडे. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि वृद्धांनी थंडीत आठनंतर किंवा सूर्यास्तापूर्वी फिरावे. 'पंपाची सवय लागते' या भीतीने दम्याचा पंप मनाने बंद करू नये. ऐन थंडीत तर मुळीच नाही. घर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. विडी वळणाऱ्या भगिनींनी दाराखिडकीजवळ, उघड्या हवेत बसावे आणि तंबाखूचे सूप लहान मुलांपासून दूर ठेवावे. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे, ते रोज धुवावे. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर तो धुळीवर किंवा थंडीवर ढकलू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासली जाते, ती तपासून क्षयाची शंका आधी दूर करून घ्यावी.