बांधावरून : सांगोल्याचे आबासाहेब



खत-बियाणे, कीड-रोग हे आपले नेहमीचे विषय. आज जरा वाट सोडून आमदारकीविषयी बोलू. आमदार कामाचा की बिनकामाचा, हे आपण कशावरून ठरवतो? लग्नाला आला होता का, समाजमंदिर दिले का, मयतीला उभा राहिला का, एवढ्यावरून. ही माणुसकी झाली आणि ती हवीच. पण मुंबईला जाऊन त्याने आपल्यासाठी काय मागितले, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची हकीकत सांगतो.

मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा माणूस वकिली शिकला आणि सांगोल्यात स्थिरावला. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. त्यानंतर त्यांनी पक्ष बदलला नाही आणि मतदारसंघही बदलला नाही. २०१४ साली अकराव्यांदा निवडून आले, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे गेले होते. मध्ये दोनदा हारही खाल्ली. १९७२ साली पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ साली पडले ते अवघ्या १९२ मतांनी. तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर याहून जास्त मते असतात! पण पडले म्हणून घरी बसले नाहीत, १९९९ साली पुन्हा निवडून आले. २०१९ ला स्वतः उभे राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी गेले. तालुका त्यांना आबासाहेब म्हणे. एस.टी.ने मुंबईला जाणारा आमदार म्हणून त्यांचे नाव राज्यभर झाले. साधेपणाचे कौतुक मलाही आहे, पण नुसत्या एस.टी.च्या प्रवासाने शेतात पाणी येत नाही. ते कशामागे लागले होते, हे महत्त्वाचे.

सांगोला म्हणजे माणदेशाचा मुलूख. पावसाळ्याचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि इकडे येतो तो वारा. परतीचा पाऊस लागला तर ज्वारी, नाहीतर जनावरे बाजारात. माण नदीचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे. खिल्लार जनावरांचा बाजार भरण्यासाठी हा तालुका प्रसिद्ध. पण दुष्काळी साली त्याच बाजारात दावणीची खोंडे मिळेल त्या भावाने जात, हेही तिथल्या घराघराला ठाऊक आहे. अशा तालुक्याच्या आमदाराचे काम एकच, ते म्हणजे पाणी. आणि पाणी येईपर्यंत हाताला काम, जनावराला चारा.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात रोजगार हमीचा कायदा आला. काम मागणे हा हक्क झाला आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसायकर घेतला जाऊ लागला. शहराने खेड्याच्या मजुरीला हातभार लावायचा, ही गोष्ट इतर राज्यांना पुष्कळ उशिरा सुचली. १९९० पासून याच हमी योजनेला फळबाग जोडली गेली. आपल्याच रानात खड्डे खणायचे आणि मजुरी व रोपांचा खर्च अनुदानातून मिळवायचा. सांगोल्याने ही संधी सोडली नाही. माळरानावर डाळिंब उभे राहिले, आधी गणेश आणि पुढे भगवा. थेंब-थेंब पाण्यावर बाग जगवायची कला तिथल्या शेतकऱ्याने कमावली. पुढे तेल्याने आणि अलीकडे खोडाला भोके पाडणाऱ्या किडीने कित्येक बागा उपटायला लावल्या, ते दुःख वेगळेच.

पाण्याची लढाई मात्र लांबली. १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढे होते आणि गणपतराव बरोबर होते. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी होतीच. पण माझ्या मते मोठी गोष्ट दुसरी होती. पाणी आले तर ते वाटायचे कसे? ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, की घरटी सारखे? परिषदेने समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. धरणाच्या पाण्यावर बागायतदाराइतकाच कोरडवाहूवाल्याचाही हक्क, हा विचार ऐकायला सोपा आहे. पाण्याचे आवर्तन सुटले की तो पाळणे किती अवघड, हे चारीवर रात्र काढलेल्या माणसाला विचारा.

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी सांगोल्याकडे यायला दशके गेली. इथे मी एक कडू बोलतो. लहान पक्षात राहिल्याची किंमत तालुक्याने मोजली असेल. ते १९७८ साली आणि १९९९ साली मंत्रीही झाले, पण बहुतेक काळ विरोधी बाकावरच गेला. सत्तेतल्या आमदाराची फाइल लवकर हलते, हे सरकारी नोकरीत राहून मी नाकारू शकत नाही. तरी दरवर्षी तोच प्रश्न, तीच लक्षवेधी सूचना, तोच आकडा घेऊन उभा राहणारा माणूस असला की अधिकाऱ्याला कागद विसरता येत नाही, हेही आतून पाहिलेले आहे. पक्ष बदलला असता तर पाणी पाच वर्षे आधी आले असते का? तालुक्यात यावर अजून दोन तट पडतील.

जाता जाता माता-भगिनींसाठी एक गोष्ट. सांगोल्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी कशाला, असे कोणीही म्हणेल. पण दुष्काळात रान रिकामे पडते, तेव्हा पगाराची चार माणसे घरात असली की चूल पेटते. राज्यातल्या किती गिरण्या बुडाल्या! ही चालत राहिली.

आता पाणी येते, तर नवे गणित सुरू होते. कृष्णा खाली, रान वर. पंप चालले तर पाणी. टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने सोसायचा, असे ठरले. आपल्या वाट्याची पाणीपट्टी थकली की पुढचे आवर्तन अडकते. तेवढ्यात काही जणांनी डाळिंब काढून ऊस लावायला घेतला. एका उसाच्या पाण्यात किती शेजाऱ्यांची ज्वारी आणि बोर-डाळिंब भिजले असते, याचा हिशेब पुढच्या अंकात मांडतो. तोवर आपल्या चारीचा नंबर, गट नंबर आणि मागच्या आवर्तनाची तारीख वहीत लिहून ठेवा. आमदार गावात आला की मोघम तक्रार करू नका, ती वही पुढे ठेवा.