बेणे कोणाचे?

गेल्या गळीत हंगामाच्या अखेरीस एका गटात शेतकरी मेळावा घेतला. माती परीक्षण, खोडव्याची निगा, पाचट न जाळणे हे नेहमीचे विषय झाले. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, खताचं ऱ्हाऊ द्या. शेजाऱ्याला बेणं दिलं तर आता कंपनी केस करती म्हनं. खरं हाय का?" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि "काही होत नाही, बिनधास्त द्या," असे सांगून मोकळे झालो.

परत येताना जीपमध्ये मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर चुकीचे नव्हते, पण निम्मेच होते. राहिलेले निम्मे आज लिहीत आहोत.

हा धसका कुठून आला ते आधी पाहू. २०१९ सालच्या एप्रिल महिन्यात गुजरातेत पेप्सिको कंपनीने बटाटा पिकवणाऱ्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. वेफर्ससाठी लागणारा एफएल २०२७ हा बटाट्याचा वाण आमच्या नावे नोंदलेला आहे, तो तुम्ही विनापरवाना लावला, असे कंपनीचे म्हणणे. चार शेतकऱ्यांकडून तर प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. दोन-चार एकराचा धनी आणि कोटीचा दावा! देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. गोष्ट तिथे संपली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या बटाट्याची नोंदच रद्द केली, कारण अर्जात वाणाचा प्रकार आणि पहिल्या विक्रीची तारीख चुकीची भरली होती. कंपनी कोर्टात गेली. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे हरली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने नोंद रद्द करण्याचा आदेशच बाजूला ठेवला. मोबाईलवर फिरते ती यातली पहिली अर्धी गोष्ट. दावे मागे घेतल्याचे कोणी पुढे पाठवत नाही.

आता कायदा काय म्हणतो? १९७० साली आपल्या संसदेने पेटंटचा कायदा केला, तेव्हाच शेतीची किंवा बागायतीची पद्धत ही पेटंट देण्याजोगी वस्तू नाही, असे त्यात लिहून ठेवले. ते कलम आजही आहे. म्हणून पट्टा पद्धतीची लागण असो की एक डोळा पद्धत, ती माझी एकट्याची म्हणून कोणाला आपल्याकडून पैसे मागता येणार नाहीत. पाचट ठेवून खोडवा राखण्याचेही तेच. यंत्र, नवे कीटकनाशक यांची गोष्ट वेगळी. त्यांना पेटंट मिळते, वीस वर्षांचे मिळते.

बेण्याचा प्रश्न आला तो १९९५ नंतर. जागतिक व्यापार संघटनेचा करार झाला, त्यात प्रत्येक देशाने पिकांच्या वाणांना कसले तरी संरक्षण दिलेच पाहिजे अशी अट होती. पेटंट द्या, नाहीतर स्वतःची वेगळी व्यवस्था उभी करा. श्रीमंत देशांच्या कायद्याचा तयार साचा समोर होता. आपण तो जसाच्या तसा उचलला नाही. २००१ साली जो कायदा केला त्याच्या नावातच दोन गोष्टी आहेत: वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क. नवा वाण काढणाऱ्याला उसासारख्या पिकात पंधरा वर्षे विक्रीचा हक्क मिळतो. पण त्याच कायद्याचे एकोणचाळिसावे कलम सांगते, की शेतकऱ्याने आपल्या शेतातला माल, बियाण्यासह, राखावा, वापरावा, पुन्हा पेरावा, देवघेव करावी, वाटावा, विकावा. कायदा होण्यापूर्वी जसा करीत होता तसाच. एकच बंधन आहे. संरक्षित वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत किंवा वेष्टनात घालून, लेबल लावून विकायचे नाही.

म्हणजे त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर असे: शेजाऱ्याला दोन गाड्या बेणे द्या, मोफत द्या, पैसे घेऊन द्या, तुमचा हक्क आहे. पाव्हण्याला दुसऱ्या तालुक्यात पाठवा, तरी हक्क आहे. मात्र आपल्याकडे हल्ली ट्रेमधल्या रोपांचा जो धंदा फोफावला आहे, फलक लावून, वाणाचे नाव छापून लाखांनी रोपे विकायची, त्याला आपल्या शेतातले बेणे शेजाऱ्याला देणे म्हणता येणार नाही असे आमचे मत आहे. तिथे नोंदलेल्या वाणाच्या धन्याची परवानगी लागते. जे सभासद रोपवाटिका चालवतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. जुन्या वाणांना ही धास्ती नाही. आपला को ८६०३२ हा २००० साली प्रसारित झाला. त्याची पंधरा वर्षे केव्हाच उलटली.

इथे थोडे विषयांतर करतो. कोणी म्हणेल, ही मालकीची भानगड हवीच कशाला? आपल्या उसाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न रास्त आहे. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ सालचे. तिथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर काटक रानऊसाशी केला आणि १९१८ साली को २०५ बाहेर आला. पुढे 'को' नावाचे ऊस जगभर गेले. एनसीओ ३१० हा वाण तर संकर कोइमतूरचा, निवड दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळची, आणि लागण कितीतरी देशांत. कोइमतूरला त्याची रॉयल्टी कोणी पाठवली नाही. पण उलटही तितकेच खरे आहे. आपल्या वाडवडिलांनी ज्या को ४१९ वर घरे बांधली, पोरी उजवल्या, त्या उसाचा एक पालक जावा बेटावरचा पीओजे २८७८ आणि दुसरा को २९०. जावाला आपणही काही पाठवले नाही. ऊस असाच वाढला, या बांधावरून त्या बांधावर.

तेव्हा "आमचे सगळे लुटले" असा सूर आम्हाला पटत नाही. पण सावध राहिलेच पाहिजे, कारण आता काळ मोफत देवघेवीचा उरलेला नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिले गेले. आपली आजी वेडी होती काय? डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ, छापील पुरावे गोळा करून ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करवले. ते काम घोषणांनी झाले नाही, कागदाने झाले. बटाट्याच्या खटल्यातही नोंद गेली ती अर्जातल्या तारखेमुळे. शेतकरी आणि कागद यांचे काही जमत नाही, हेच तर आमचे दुखणे आहे.

आमची खरी तक्रार कायद्याबद्दल नाहीच, तो वापरला जात नाही याबद्दल आहे. २००१ साली कायदा झाला, प्राधिकरण स्थापन व्हायला २००५ उजाडले, नोंदणी सुरू व्हायला २००७. बरे, सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः काढलेला किंवा परंपरेने राखलेला वाणही नोंदवता येतो, त्याला फी नाही. किती सभासदांना हे ठाऊक आहे? आमच्या पदविकेच्या वेळी हा विषय अभ्यासक्रमात नव्हता, नंतर आम्ही आपणहून वाचला नाही, हा दोष आमचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक. 'पटेल ३' या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला राखल्या, दुसऱ्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षे हेच. शेवटी बारीक दाण्याचा जो तांदूळ तयार झाला तो बाजारात 'एचएमटी' म्हणून गेला, त्या वेळच्या घड्याळाच्या नावावरून. आज तो तांदूळ आपण दुकानात नाव घेऊन मागतो. दादाजींना २००५ साली राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, नाव झाले; पण तांदळाने व्यापार जेवढा केला त्याचा वाटा त्यांच्या घरी आला नाही. २०१८ च्या जून महिन्यात ते गेले. शेवटच्या आजारपणात औषधपाण्यालाही पैशाची ओढाताण होती. त्यांनी वाण काढला त्या काळी नोंदणीचा कायदाच नव्हता. आज आहे. आज असा माणूस आपल्या कार्यक्षेत्रात निघाला तर आपण काय करू?

काय करू ते आम्हाला माहीत आहे, कारण आम्ही ते केलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका सभासदाने आम्हाला मुद्दाम बांधावर नेले. को ८६०३२ च्या प्लॉटमध्ये एक बेट वेगळे होते. कांडी लांब, पान रुंद, कूस नाही, आणि आजूबाजूला तुरे आले तरी त्याला तुरा नाही. तो मोठ्या हौसेने दाखवत होता. आम्हाला पुढे चार प्लॉट बघायचे होते. "भेसळ दिसते, काढून टाका," असे म्हणालो आणि निघालो. त्याने काढले नाही, दोन महिने राखले. मग टोळी आली, त्याच्या मागे कोणी उभे नव्हते, आणि ते बेट बाकी उसाबरोबर मोळ्यांत बांधून गव्हाणीत पडले. ती खरोखर भेसळ होती की काही नवे होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तो सभासद अजून भेटतो, चहा पाजतो, त्या बेटाचा विषय काढत नाही.

दुसरी गोष्ट बेणे विकत घेताना. नोंदलेल्या वाणाच्या धन्याने, तो कोणत्या परिस्थितीत किती उतारा देईल हे सांगायचे असते. तसे उत्पन्न आले नाही तर शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. हे त्याच एकोणचाळिसाव्या कलमात आहे. पण मागायची कशाच्या जोरावर? मागच्या वर्षी आमच्या एका गटात तिघांनी बाहेरच्या रोपवाटिकेतून भारी नंबरची म्हणून रोपे आणली. प्लॉटमध्ये तीन तऱ्हेचा ऊस उभा राहिला. पावती कोणाकडेच नव्हती. एकाकडे फोनवरचा फोटो होता, त्यात रोपे होती, नाव नव्हते. "वळखीचा माणूस होता," हे उत्तर. आणि खरे सांगायचे तर आपल्या शेतकी विभागानेही बेणे मळ्यातून बेणे दिले तेव्हा वजनाची चिठ्ठी दिली. वाण कोणता, मूलभूत की पायाभूत, बेणे किती महिन्यांचे, उष्ण प्रक्रिया केली की नाही, यातले काही त्या चिठ्ठीवर नसे. बाहेरच्याला नावे ठेवण्याआधी हे कबूल केलेले बरे.

म्हणून शेतकी विभागातर्फे आम्ही संचालक मंडळाकडे लेखी मागणी केली आहे. बेणे मळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर वाणाचे नाव, पिढी आणि मळ्याचा नंबर लिहिलेली पावती द्यावी, तिची स्थळप्रत गट कार्यालयात राहावी. प्रत्येक गटात एक वही ठेवावी, तिच्यात सभासदांना दिसलेली वेगळी बेटे, जुने दुर्मिळ ऊस, यांची तारखेसह नोंद व्हावी. जे बेट दोन वर्षे आपले गुण टिकवील ते पाडेगावच्या संशोधन केंद्राला किंवा मांजरीच्या वसंतदादा संस्थेला तपासायला पाठवावे, पण पाठवताना शेतकऱ्याचे नाव कागदावर घालून आणि पोच घेऊन. ते खरोखर नवे ठरले तर नोंदणीचा अर्ज त्या सभासदाच्या नावे करावा, लिहिण्याचे आणि दिल्लीच्या पत्रव्यवहाराचे काम कारखान्याने करावे. एकट्या शेतकऱ्याला तो अर्ज भरून दे म्हणणे म्हणजे त्याला हक्क नाकारण्यासारखेच आहे. तो इतका किचकट आहे. सहकार कशासाठी असतो? साखर पोत्यात भरण्यापुरता?

यावर एक आक्षेप येईल, तो आलाही आहे: एवढा खटाटोप करून हाती काय लागणार, शंभर बेटांतली नव्व्याण्णव भेसळच निघतील. निघोत. को ८६०३२ सुद्धा कोइमतूरला हजारो रोपांतून निवडला गेला. आणि एकाच वाणावर सगळे शिवार बसवण्याचे काय होते ते उत्तर प्रदेशात को ०२३८ ला लाल कूज लागली तेव्हा दिसलेच आहे. आपल्या बांधावर दुसरे काही उभे असावे, एवढ्यापुरतीसुद्धा ती वही उपयोगाची आहे.

मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. यंदा तुरे निघायच्या वेळी कोणाच्या प्लॉटमध्ये वेगळे बेट दिसले तर त्याला चिंधी बांधा, टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा आणि गट कार्यालयात चिठ्ठी द्या. आम्ही स्वतः येऊ, आणि या वेळी पुढचे चार प्लॉट थांबतील.