हळद कुठून आणली? बिल दाखवा!

आमच्या शाळेतल्या एका मुलीची अम्मी घरी मसाले करून विकते. गरम मसाला, बिर्याणी मसाला, काळा मसाला. रमजानच्या आधी तिला शहरातल्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर मिळणार होती. दुकानाने आधी दोन पानांचा इंग्रजी फॉर्म पाठवला. तो भरून घ्यायला ती माझ्याकडे आली. प्रश्न साधे होते. हळद, मिरची, धणे कोणाकडून घेता? त्याचा परवाना क्रमांक काय? मागच्या तीन महिन्यांची बिलं आहेत का?

मी विचारलं, "हळद पावडर कुठून घेता?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून, सर. दहा वर्षांचा भरोसा आहे."

"बिल?"

"बिल तो कधी देतच नाही."

ऑर्डर गेली. मोहल्ल्यात लगेच चर्चा सुरू झाली, की नाव बघून अडवलं. असं कधी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. घर भाड्याने घेताना आपल्यापैकी अनेकांनी ते सोसलंय. पण हा फॉर्म ते दुकान माल देणाऱ्या प्रत्येकाला पाठवतं. आणि त्यातला प्रश्न चुकीचा नाही. कारखान्यांच्या भाषेत याला व्हेंडर अप्रूव्हल म्हणतात. कच्चा माल कोणाकडून घ्यायचा, हे आधी तपासून ठरवायचं आणि त्याची नोंद ठेवायची, इतकाच त्याचा अर्थ.

ही नोंद का लागते, हे 2023 मध्ये अमेरिकेत दिसलं. नॉर्थ कॅरोलिना राज्यात काही लहान मुलांच्या रक्तात शिसे जास्त सापडलं. आरोग्य खात्याने घरोघरी चौकशी केली, तेव्हा सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी निघाली: सफरचंद आणि दालचिनीच्या प्युरीचं पाकीट. नंतर खात्रीशीर आणि संशयित मिळून देशभरात 500 हून अधिक जण बाधित झाल्याची नोंद झाली. त्यात बहुतेक लहान मुलं होती. शिशामुळे मुलाच्या मेंदूची वाढ बिघडते आणि हे नुकसान भरून येत नाही.

प्युरी इक्वाडोरमध्ये बनत होती. दोष सफरचंदात नव्हता, चिमूटभर दालचिनीत होता. दालचिनीच्या काड्या श्रीलंकेच्या, त्या दळल्या इक्वाडोरमधल्या एका गिरणीवाल्याने, तिथून त्या एका पुरवठादार कंपनीकडे गेल्या आणि मग कारखान्यात. तपासणीत त्या दालचिनीत दर दहा लाख भागांत 5110 भागांपर्यंत शिसे निघालं. अशा मसाल्यांसाठी तेव्हा 2.5 भागांची आंतरराष्ट्रीय मर्यादा विचाराधीन होती. दळताना रंग आणि वजन वाढवायला लेड क्रोमेट मिसळलं असावं, असा संशय तपास यंत्रणेने व्यक्त केला. कारखान्याची आपल्या पुरवठादाराशी ओळख होती. पण पुरवठादाराच्या मागे कोण आहे, हे कोणी पाहिलंच नाही.

हाच पिवळा रंग बांगलादेशात हळदीत घालत असत. तिथे 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडलं. सरकारने लोकांना सावध केलं, ढाक्याच्या घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले. 2021 मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे माल कुठून येतो हे कळलं, की भेसळ थांबवता येते.

आता आपला कायदा बघू. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 26 प्रमाणे विक्रेत्याला माल देणाऱ्याने मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते. आणि साधं बिल किंवा कॅश मेमो हीच ती हमी मानली जाते. कलम 27 सांगतं, की माल कोणाकडून आला हे ओळखता येत नसेल, तर विकणारा जबाबदार. म्हणजे हळदीत काही निघालं, तर बिल नसलेली ती अम्मी एकटी अडकेल, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणेल, "माझ्याकडून घेतलीच नाही." बिल असेल, तर कलम 80 प्रमाणे "मी योग्य ती काळजी घेतली होती" हा बचाव मांडायला तिच्या हातात काहीतरी असेल.

मग किरकोळ दुकानातून सामान घ्यायचंच नाही का? तसं नाही. घरगुती धंद्याला पन्नास किलोचं पोतं परवडत नाही, हे मलाही कळतं. पण किरकोळ खरेदीत एक मोठा धोका आहे. कंपनीने एखादा माल परत मागवला, तर निरोप वितरकाला आणि दुकानाला जातो. तुम्ही दुकानाच्या लेखी साधं गिऱ्हाईक. तुमच्यापर्यंत तो पोहोचणार नाही, आणि तुमचा मसाला तोवर चाळीस घरांत गेलेला असेल. शिवाय बिलावर फक्त "हळद 500 ग्रॅम" असतं, बॅच नंबर नसतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. दळलेले मसाले पॅकबंदच विकावेत, असं 2011 चे नियम सांगतात, म्हणून सुटी पावडर घेऊच नका. 1 जानेवारी 2022 पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो बघा आणि फॉसकॉसच्या वेबसाइटवर पडताळून घ्या. पाकिटावरचा बॅच नंबर पेनाने बिलावर लिहा. कोणत्या बॅचची हळद कोणत्या तारखेच्या मसाल्यात गेली, हे वहीत टिपा. दुकानाने ब्रँड बदलला, तर घटकांची यादी पुन्हा वाचा.

आपल्याला ही सवय नवीन नाही. गोश्त घेताना जबिहा कोणी केला हे आपण विचारतो. मुलांच्या जेलीत जिलेटिन कशाचं आहे, हे बारीक अक्षरांत शोधतो. मग हळदीच्या वेळी गप्प का बसतो?

आणि दोन शब्द आपल्याच दुकानदार भावांना. करा‍ची भीती वाटते म्हणून बिल टाळू नका. तुमच्या एका कागदाशिवाय आपल्याच गल्लीतल्या बहिणीचा धंदा मोठा होत नाही.

त्या अम्मीने आता वही घातली आहे. दुकानदाराशी दोनदा वाद झाला, तिसऱ्यांदा त्याने बिल दिलं. गेलेली ऑर्डर परत आलेली नाही. पण पुढचा फॉर्म येईल, तेव्हा त्यातला एकही रकाना रिकामा राहणार नाही.