जिवाणी कुठे सोडायची?



माझ्या सासूबाई पाणी गाळून झाल्यावर गाळणं कधीच झटकायच्या नाहीत. ते अलगद उलटं धरायच्या, वरून गाळलेल्याच पाण्याची धार सोडायच्या आणि ती जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत पोचवायच्या. त्यासाठी खाली कडी असलेली वेगळी बादली होती, म्हणजे उंचावरून पाणी आपटून जीव मरू नयेत. "ज्याचं घर त्याला परत," एवढंच त्या म्हणायच्या.

पुढे आम्ही बोरिवलीला आलो. विहीर सुटली, नळ आला. गाळणं नळाला बांधलं आणि जिवाणी मोरीत जाऊ लागली. हे पाणी मुळात कोणत्या जागेचं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. यंदा मे महिन्यात तो पडला.

मुलांच्या सुट्टीत आम्ही जव्हारला गेलो होतो. राजवाडा बघून मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर खाली कोरड्या ओढ्यात बायका दिसल्या. ओढ्याच्या पात्रात हातभर खोल खड्डा खणलेला. तिकडे त्याला डवरा म्हणतात. एक आजी त्यातलं पाणी वाटीने हंड्यात भरत होत्या. चार वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी झिरपून यायची वाट बघायची. हंड्याच्या तोंडावर त्यांनी जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा बांधला होता. मी बघतच राहिले. ते आपलंच गाळणं होतं!

मी विचारलं, "आजी, इथे पाऊस नाही का पडत?"

त्या हसल्या. "पाऊस जाम हाय बाय, पन थांबत नाय."

खरंच आहे ते. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षाही जास्त. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि सगळा उतार. अशा जागी पाणी धरून ठेवतं ते जंगल. पानांचा खच पावसाचा मार झेलतो, मुळं माती धरतात, पाणी हळूहळू मुरतं आणि उन्हाळ्यात झऱ्यातून बाहेर येतं. झाडं गेली की माती जाते. मग पाणी काही तासांत ओढ्यातून नदीला आणि नदीतून समुद्राला. झरे आटले की त्यांवर जगणारे मासे, खेकडे, पाखरं, सगळ्यांचाच आधार जातो.

ही झाडं कोणी तोडली? तिथले लोक राब भाजायला फांद्या तोडतात, वणवेही लागतात, हे खोटं नाही. पण या डोंगरातलं लाकूड आणि कोळसा वर्षानुवर्षं शहरांकडे गेला, तो आपल्यासारख्यांच्याच घरांसाठी. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे सांगितले आहेत, पंधरा कर्मादानं. त्यात जंगलतोड आहे, कोळसा पाडणं आहे, रानाला आग लावणं आहे आणि तळी-सरोवरं आटवणंसुद्धा आहे. ते धंदे आपण करत नाही, म्हणून आपण सुटलो असं मला आधी वाटायचं.

आता पाण्याचं बघा. मुंबईला रोज 380 कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी लागतं. त्यातलं बरंचसं वैतरणेचं. 1957 मध्ये मोडक सागर झालं, 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा, आणि मध्य वैतरणा हे 102 मीटर उंचीचं धरण 2014 पासून वापरात आहे. हे शेवटचं धरण मोखाडा तालुक्याच्या हद्दीवरच, कोचाळ्याजवळ. त्याच्या पाण्याखाली जंगल गेलं. पाणी मात्र नळातून शंभरएक किलोमीटरवर आपल्याकडे येतं आणि दर उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात.

मुंबईच्या दीड-दोन कोटी माणसांनाही तहान आहे. धरण पाडा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण माझं म्हणणं स्पष्ट आहे: आपण पाण्यातला जीव जपतो, तर ते पाणी जिथून येतं तिथला जीवही जपायला हवा. नाहीतर आपलं गाळणं ही नुसती सवय उरते.

मग घरात काय करायचं? माझं पहिलं पाऊल सांगते. आमच्याकडे आरओ होता. एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी तो दोन-तीन लिटर मोरीत सोडायचा. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं होतं. मुंबईचं तलावांचं पाणी त्याहून कितीतरी गोडं. म्हणजे तो सगळा अपव्यय विनाकारण. याला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. मी आरओ काढला. आता पाणी गाळते आणि उकळते, जसं सासूबाई करायच्या. जिवाणी मोरीत न ओतता सोसायटीच्या कमळाच्या कुंडात सोडते. ते तिचं मूळ घर नाही, हे मला माहीत आहे. निदान गटार तरी नाही.

दुसरं दानाचं. आपण पाणपोया घालतो, उन्हाळ्यात टँकरला पैसे देतो. ते पुण्याचंच काम, पण टँकर रिकामा झाला की संपतं. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा पावसानंतर काही महिने तरी पाणी अडवतो. उतारावर झाड लावलं की मातीही राहते. जव्हार भागात बायफ संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांबरोबर आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या आहेत, कडेने रानझाडंही. डोंगर पुन्हा हिरवा होऊ शकतो, आणि घरात चार पैसेही येतात.

चातुर्मास येतोय. पावसाळ्यात पावलोपावली जीव असतात, म्हणून आपले साधू-साध्वी एका जागी थांबतात. या चार महिन्यांत आपल्या मंडळाने एक नियम घ्यावा असं मला वाटतं. रोज घरातलं एक बादली पाणी वाचवायचं, आणि चातुर्मासाच्या दानातला एक वाटा मोखाड्यातल्या एका बंधाऱ्यासाठी बाजूला काढायचा. बंधारा पाऊस ओसरल्यावर घालतात, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी गोण्या भरायलाही यावं.

पाऊस तिथे भरपूर आहे. त्या आजींच्या ओढ्यात तो थोडा थांबायला हवा. ज्याचं घर त्याला परत द्यायचं, तर सुरुवात तिथूनच करू या.

जय जिनेंद्र.