घाम परदेशात गाळला, पेन्शनचा अर्ज कुठे करायचा?

आपल्या चळवळीत परदेशाचा विषय निघाला की बोलणे शिष्यवृत्तीपासून सुरू होते आणि व्हिसापाशी संपते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची यादी का रखडली, उत्पन्नाची अट कोणी घातली, यावर आम्ही भांडलो आणि पुढेही भांडू. पण गेलेला माणूस तिथे पाच-सात वर्षे राबतो, दर महिन्याला त्याच्या पगारातून त्या देशाच्या पेन्शन फंडासाठी पैसे कापले जातात आणि एक दिवस तो परत येतो. त्या कापलेल्या पैशाचे पुढे काय होते? हा प्रश्न चळवळीच्या निवेदनांत क्वचितच दिसतो. तो तिथे यायलाच हवा, असे आमचे म्हणणे आहे.

पेन्शन हा शब्द आपल्या इतिहासात उपरा नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराचे पेन्शनर होते. गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून पेन्शन घेऊनच चळवळीत उतरले. दर महिन्याला ठरलेली रक्कम हक्काने घेणाऱ्या माणसाला बलुत्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. स्वाभिमानी चळवळीला ताठ कणा लागतो, आणि त्या कण्यात पेन्शनीचाही वाटा होता.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी विमा सरकारच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. म्हातारपण आणि मृत्यू यांचा भार एकट्या कुटुंबाने वाहायचा नाही, तो राज्याने उचलायचा, हा त्यामागचा विचार. आता कामगार सीमा ओलांडतो. मग त्याचा हक्क सीमेवर का अडावा?

यासाठीच देशादेशांत सामाजिक सुरक्षा करार होतात. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी झाला. त्यावर २००६ मध्ये सह्या झाल्या आणि तो २००९ मध्ये लागू झाला. आज जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा वीसच्या आसपास देशांशी भारताचे करार आहेत. पूर्ण स्वरूपाच्या करारात तीन गोष्टी असतात. एक, कंपनीने थोड्या काळासाठी बाहेर पाठवलेल्या कर्मचाऱ्याला दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागत नाही. दोन, दोन्ही देशांतल्या नोकरीच्या काळाची बेरीज करून पात्रता ठरवली जाते. तीन, मंजूर झालेली पेन्शन माणूस दुसऱ्या देशात राहात असला तरी त्याला मिळते.

बेरीज म्हणजे काय ते पाहा. समजा, आपल्यातली एक मुलगी पुण्यात सहा वर्षे नोकरी करते आणि मग जर्मनीत चार वर्षे. जर्मनीत पेन्शनसाठी किमान पाच वर्षांची वर्गणी लागते. तिची चारच भरतात. आपल्याकडे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी दहा वर्षे लागतात. तिची सहाच भरतात. करार नसता तर ती दोन्हीकडे अपात्र ठरली असती. करारामुळे दोन्हीकडचा काळ मिळून दहा वर्षे धरली जातात. मग निवृत्तीच्या वयात जर्मनी आपल्या चार वर्षांचा हिस्सा देते आणि भारत सहा वर्षांचा.

आणि हा अर्ज करायला फ्रँकफर्टला जावे लागत नाही. माणूस ज्या देशात राहतो तिथल्या संस्थेकडे, म्हणजे आपल्याकडे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या कार्यालयात, तो देता येतो. संघटना इथल्या सेवेचा काळ प्रमाणित करून कागद पुढे पाठवते. अशा करारांत सहसा इथे अर्ज दिल्याची तारीख हीच तिथे अर्ज दिल्याची तारीख मानली जाते. म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही.

हक्क कागदावर असतो आणि कागदाअभावीच बुडतो. नोकरी सुटली की पीएफबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घ्यायची, ही आपल्याकडची सर्रास सवय. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर रक्कम काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येते, आणि दोन्हींसाठी फॉर्म एकच आहे, १०-सी. पैसे काढले की तो काळ बेरजेतून गेला. जपानमध्येही तेच: देश सोडताना एकरकमी परतावा घेतला तर तिथली तेवढी वर्षे पुसली जातात. गरज असताना पैसा कोणाला नको असतो? घरावर कर्ज असलेल्याने तो घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण घेताना आपण काय सोडतो आहोत हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे. वरच्या जातीतल्या मुलाच्या घरात हे सांगणारा काका, मामा, चार्टर्ड अकाउंटंट असतो. आपली पहिली पिढी आत्ता कुठे विमानात बसते आहे. तिला हे कोण सांगणार?

इथवर झाले हक्क असलेल्यांचे. आता ज्यांना हक्कच नाही त्यांच्याकडे वळू.

आखातातल्या सहा देशांत ८५ ते ९० लाख भारतीय आहेत. भारताबाहेर भारतीय कामगारांची एवढी मोठी वस्ती दुसरीकडे नाही. आणि या सहांपैकी एकाशीही भारताचा असा पेन्शनचा करार नाही. तिथल्या राष्ट्रीय पेन्शन योजना मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आहेत. बाहेरच्या कामगाराला मिळते ती सेवासमाप्तीची एकरकमी ग्रॅच्युइटी. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचे. तीही मालकाच्या हातून. मालक बुडाला किंवा पळाला तर कामगाराने दाद मागायची कुठे आणि किती दिवस? गंमत म्हणजे हेच सहा देश आपल्या नागरिकांसाठी एकमेकांत विमा-संरक्षण चालवतात: कुवेतचा नागरिक कतारमध्ये नोकरीला गेला तर त्याचे पेन्शन तुटत नाही. म्हणजे व्यवस्था उभारता येते. प्रश्न ती कोणासाठी उभारायची एवढाच आहे.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर परदेशी मजुरीला जाण्याआधी सरकारी परवानगीची अट असते. दहावीच्या आत शाळा कोणाची सुटते, हे या वाचकांना सांगायला नको. परवानगीचा शिक्का त्याच्यासाठी आहे, पेन्शनचा करार मात्र दुसऱ्या कोणासाठी. २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापार करारासोबत ठरलेला वर्गणीविषयक करार बघा. कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तिथल्या वर्गणीतून सूट. तो पेन्शनला हातच लावत नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यांत आयुष्य घालवून पंजाबात परतलेल्या म्हाताऱ्याचे ब्रिटिश पेन्शन आजही गोठलेले राहते. तिथल्यांचे दरवर्षी वाढते, याचे वाढत नाही. कंपनीचा खर्च वाचवायला दोन्ही सरकारे तत्परतेने बसली. या म्हाताऱ्यासाठी टेबलावर खुर्चीच नव्हती.

काही मित्र म्हणतील, इथे रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही जर्मनीच्या पेन्शनच्या गोष्टी करता. हा मूठभरांचा प्रश्न आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे नोकरी करणाऱ्याच्या पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात आणि मालक तेवढेच भरतो. पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. त्याआधी परतलेल्या भारतीय इंजिनिअरच्या हाती काही पडत नाही, कारण अमेरिकेशी करार नाही. आणि तो का नाही? तिथल्या कायद्यानुसार करार अशाच देशाशी होऊ शकतो, जिथली सामाजिक सुरक्षा सर्वसाधारणपणे लोकांना लागू आहे. आपल्याकडे दहातले नऊ कामगार असंघटित. ऊसतोड मजूर कोयता घेऊन कर्नाटकात जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोणते पेन्शन जाते? बांधकाम कामगाराची मंडळातली नोंदणी राज्याची हद्द ओलांडताना अडखळते. ज्या देशाने सफाई कामगाराला, शेतमजुराला, घरकामगार बाईला पेन्शनबाहेर ठेवले, त्या देशाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरलाही परदेशात हात हलवत परतावे लागते. बाबासाहेब सगळ्यांसाठी विमा मागत होते. तो नाकारल्याची किंमत आता वरच्या मजल्यावरचेही मोजत आहेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आखाती देशांशी करार करा, आणि तो होईपर्यंत ग्रॅच्युइटीची रक्कम मालकाच्या मर्जीवर न ठेवता वेगळ्या फंडात जमा करायला लावा. ब्रिटनशी पेन्शनवाढीचा प्रश्न पुन्हा उघडा. परदेशी शिष्यवृत्ती आणि परदेशगमनाची परवानगी देतानाच मराठीत या हक्कांची माहिती हातात द्या. देशातल्या देशात राज्याराज्यांच्या कल्याण मंडळांची नोंद कामगाराबरोबर फिरू द्या.

आणि सरकारची वाट पाहात बसू नका. विहारात दर रविवारी वंदनेनंतर एक तास या कामाला द्या. वस्तीतून कोण कोणत्या देशात, कधीपासून कधीपर्यंत होते याची यादी करा. यूएएन क्रमांक, तिथला विमा क्रमांक, पगाराच्या पावत्या, व्हिसाचे शिक्के असलेले जुने पासपोर्ट जपून ठेवायला सांगा. माणूस गेला असेल तर त्याच्या पत्नीला विचारा; वारसांचाही हक्क असतो, आणि तोच सर्वात आधी विसरला जातो. विवाह नोंदणी नसेल तर ती करून घ्या.

अर्ज करणे म्हणजे हात पसरणे नव्हे. ते आपल्याच घामाचे पैसे आहेत, आणि ते मागायला लाजण्याचे कारण नाही.

जय भीम!