दप्तर ठेवायचे कुठे?

'दप्तर' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथे तीन अर्थांनी रुळला. शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी म्हणजे दप्तर, रुमालात बांधलेले कागद म्हणजे दप्तर आणि कचेरी म्हणजेही दप्तर. वऱ्हाडात वतनी पटवारी होता, तेव्हा शेवटच्या दोन अर्थांत फारसे अंतर नव्हते. गावाचे कागद त्याच्या घरीच असत. ओसरीवर सतरंजी पसरली, रुमाल सोडला की कचेरी सुरू होई. तेव्हा घरात बसून काम करण्याची रीत मार्च २०२० च्या टाळेबंदीने आणली, असे समजण्याचे कारण नाही.

टाळेबंदीनंतर मात्र तिचे एक शास्त्रच झाले. जिन्याखाली टेबल कसे बसवावे, कपाटात संगणक कसा ठेवावा, भिंतीला मिटणारी फळी कशी लावावी, असे सल्ले सर्वत्र मिळू लागले. सल्ले उपयोगी आहेत. त्यांची टिंगल आम्हांला करायची नाही. पण घरात कुठेतरी दुर्लक्षित जागा असते आणि ती सापडली की प्रश्न सुटतो, हे त्यांतले गृहीतक तपासून पाहावेसे वाटते. आमच्या मते घरातली कोणतीच जागा बेवारस नसते. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचे, कोनाडा देवाचा किंवा दिव्याचा. पटवाऱ्याला ओसरी मिळाली, कारण त्याच्या कामाला घराने आणि गावाने काम मानले होते. त्याच घरातल्या सुनेला लिहायला बसायचे असते, तर जागेच्या आधी परवानगीचा प्रश्न उभा राहिला असता.

'जिणं आमुचं' हे पुस्तक आपण सारे शिकवतो. ते १९८६ साली ग्रंथरूपाने आले. फलटणला बेबी कांबळे छोटे दुकान चालवीत. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांचे वाचन वाढले आणि गिऱ्हाईक नसे तेव्हा तिथेच त्या लिहू लागल्या. घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ते लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. दुकानातली ती जागा कुणी त्यांना लिहिण्यासाठी दिली नव्हती. जागा दुकानाची होती, वेळ गिऱ्हाइकांच्या मधला होता आणि वह्या तर लपवलेल्याच होत्या. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न मागितले. बेबीताईंच्या दुकानात उत्पन्नाची सोय काही अंशी होती, खोली नव्हती.

इथे आपल्या समीक्षेची एक खोड सांगितली पाहिजे. अशा लेखनाविषयी बोलताना आपण 'प्रतिकूलतेतून फुललेले' वगैरे शब्द फार सहज वापरतो. त्याने अडचणीलाच श्रेय मिळते. जी पुस्तके लिहिली गेली ती आपल्यासमोर आहेत. जागेअभावी जी लिहिलीच गेली नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. ज्यांनी ही अडचण स्वतः सोसली, त्यांनी तिचे कौतुक केलेले दिसत नाही. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार आणि अभ्यास दोन्ही केलेल्या बाबासाहेबांनी पुढे दादरला घर बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. 'राजगृह' हे त्या चाळीला दिलेले उत्तर आहे.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहू. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी आत्महत्येचा घाव सोसलेल्या स्त्रीने केले. ती गोष्ट मोठीच होती. पण व्यासपीठ तीन दिवसांचे असते आणि लिहिण्यावाचण्याला जागा रोज लागते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले आहे आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरली आहे. ती धरलीच पाहिजे. मात्र वाचण्याच्या जागेचा विचार या मापात नाही. पोडावरची किंवा तांड्यावरची एखादी मुलगी आमच्या वर्गात एम. ए.ला येते, तेव्हा तिचे दप्तर घरी कुठे राहते, हे आम्ही विचारीत नाही. निबंध वेळेवर का आला नाही, एवढे मात्र विचारतो.

घरात नसलेले टेबल आता भाड्याने मिळते. यवतमाळ, पुसद, वणी येथे अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरले की एक खुर्ची आणि एक दिवा आपला. स्पर्धा परीक्षेची मुले तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. मुलींना अंधार पडण्याआधी घर गाठावे लागते, आणि घरी स्वयंपाक वाट पाहत असतो. म्हणजे जागा विकत घेतली तरी वेळेचा प्रश्न उरतोच.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. महाविद्यालयांनी आपली ग्रंथालये तासिका संपल्यावरही उघडी ठेवावीत आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत मुलींना सुरक्षितपणे बसता यावे, एवढे आपल्या आवाक्यातले आहे. दुसरे सांगणे घराला आहे. जिन्याखाली फळी ठोकायला सुतार एका दिवसात येतो. त्या फळीपाशी ती बसलेली असताना कुणी तिला चहा करायला उठवणार नाही, हे ठरवायला मात्र साऱ्या घराला एकत्र बसावे लागेल.